28 फेब्रुवारीला अजून काय काय झालं

फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडे शाळांची नुसती धावपळ असते, 27 ला कुसुमाग्रजांचा वाढदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन आणि तो आवरतोय तोवर दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. आणि दरवर्षी कुठल्यातरी फळ्यावर हमखास लिहिलेलं असतं, 'सर सी. व्ही. रामन जयंती'. अहो, जयंती नाहीये ती! रामन जन्मले 7 नोव्हेंबर 1888 ला (मेरी क्यूरींचा वाढदिवसही 7 नोव्हेंबरच, 1867 चा). 28 फेब्रुवारी हा त्यांच्या शोधाचा दिवस आहे, 1928 सालचा, आणि 1987 पासून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. एका प्रयोगाच्या नावाने अख्ख्या देशाचा दिवस असावा याचा मला फार आनंद वाटतो, म्हणून तो प्रयोग नीट सांगतो.

कलकत्त्यातली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था, तिथे रामन आणि त्यांच्यासोबत के. एस. कृष्णन. उन्हाचा एक झोत घ्यायचा, वाटेत निळा-जांभळा फिल्टर ठेवायचा आणि तो प्रकाश एकदम शुद्ध केलेल्या द्रवात सोडायचा. बघणाऱ्याने आपल्या डोळ्यापुढे दुसरा फिल्टर धरायचा, पिवळट-हिरवा, जो पहिल्यातून आलेला रंग पुढे येऊच देत नाही. म्हणजे हिशोबाने काळोख दिसायला हवा, बरोबर? पण द्रवात एक अंधुक रेघ दिसायची. एका द्रवात नाही, साठेक द्रवांत! मग 28 फेब्रुवारीला ती रेघ स्पेक्ट्रोस्कोपमधून (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) बघितली तर मूळ रंग एकीकडे, नवा रंग दुसरीकडे आणि मध्ये काळी मोकळी जागा, इतकं स्वच्छ.

होतं काय, तर रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो तेव्हा बहुतेक सगळा जसाच्या तसा परत फिरतो, पण साधारण एक कोटी फोटॉनमधला, म्हणजे प्रकाशाच्या कणांमधला, एखादा आपली थोडी ऊर्जा त्या थरथरीला देऊन येतो आणि ऊर्जा कमी झाली की रंग बदलतो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, त्यामुळे हा रंगातला फरक म्हणजे त्या रेणूच्या बोटाचा ठसाच. 1930 चं नोबेल यालाच मिळालं.

आता याच तारखेला बरोबर सात वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1935 ला, अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या लॅबमध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या टीमने एक लांबच लांब साखळीचा रेणू तयार केला, ज्याला आपण नायलॉन म्हणतो. कॅरोदर्स 1937 मध्ये वयाच्या 41 व्या वर्षी गेले, नायलॉन बाजारात आलेलं त्यांना बघायलाही मिळालं नाही, याचं वाईट वाटतं.

आणि 28 फेब्रुवारी 1953, शनिवार, केंब्रिज. जेम्स वॉटसन टेबलावर पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे जुळवत बसलेत, डीएनएमधल्या चार घटकांचे आकार, ए, टी, जी आणि सी. आधी जुळत नव्हते कारण पुस्तकातले आकारच चुकीचे होते, ते जेरी डोनह्यू या सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं होतं. त्या सकाळी दिसलं की ए-टी ची जोडी आणि जी-सी ची जोडी बाहेरून अगदी सारख्या मापाची होते, म्हणजे दोन्ही जोड्या शिडीच्या पायऱ्या म्हणून एकाच शिडीत बसतात. वॉटसन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांना डीएनएची रचना सापडली ती अशी, पण त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण फोटोंचा आणि मोजमापांचा मोठा आधार होता, ते विसरून चालणार नाही.

त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत लायनस पॉलिंग यांचा 52 वा वाढदिवस होता. रासायनिक बंधांबद्दल त्यांच्याइतकं खोल समजणारा माणूस त्या काळी क्वचितच असेल, आणि डीएनएच्या शर्यतीत तेही होते, त्याच फेब्रुवारीत त्यांचं तीन पेडांचं मॉडेल छापून आलं आणि ते चुकीचं निघालं! पुढच्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते मात्र पूर्ण हक्काचं.

तारखेत काही जादू आहे का? नाही. वर्षाचे दिवस 365 आणि घटना हजारो, म्हणजे एकाच दिवशी गर्दी होणारच. वर्गात फक्त 23 मुलं असली तरी कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या वर जाते, कारण 23 जणांच्या जोड्याच 253 होतात. विज्ञान दिनाला हे वर्गात करून बघा, मुलांना विश्वासच बसत नाही.

तारखा योगायोगाने जुळल्या, पण कामं खरोखर एकमेकांशी जोडलेली आहेत. आज समुद्राच्या पाण्यातून गाळलेला प्लास्टिकचा बारीक कण कसला आहे ते ओळखायला तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यावर लेझर सोडतात आणि परत आलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते बघतात. कधी तो कण मासेमारीच्या जाळ्यातल्या नायलॉनचा निघतो, म्हणजे 1935 च्या 28 फेब्रुवारीची वस्तू 1928 च्या 28 फेब्रुवारीच्या शोधाने पकडली जाते.