समुद्रतळाचे उष्णताप्रिय जिवाणू : नावाच्या घोळाची पार्श्वभूमी
गालापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोलीवर, १९७७ साली गरम पाण्याचे झरे सापडले. दोनच वर्षांनी पूर्व पॅसिफिकच्या तळावर ३५० अंश सेल्सिअसचं काळं पाणी ओकणारी धुरांडी दिसली. तिथल्या सूक्ष्मजीवांना आपण सरसकट 'जिवाणू' म्हणतो, आणि घोळ तिथेच आहे.

योगायोगाने १९७७ मध्येच रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएची तुलना करून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वेगळ्या कुळातले ठरवले गेले. नाव मात्र दिलं 'आर्किबॅक्टेरिया'. घर वेगळं केलं, आडनाव जिवाणूंचंच राहिलं. १९९० मध्ये ते आडनाव काढून 'आर्किया' हा स्वतंत्र गट मानण्याचा प्रस्ताव आला. दोघांच्याही पेशीत केंद्रक नाही, मग वेगळी चूल कशाला, असा काही जीवशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात, त्यामुळे तो पोकळ म्हणता येत नाही. पण १९९६ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या झऱ्यातल्या एका मिथेनजनकाचा जीनोम (सगळ्या जनुकांचा संच) वाचला, तेव्हा निम्म्याहून अधिक जनुकं तोवर कुठेच न दिसलेली निघाली. माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता.

यात खऱ्या जिवाणूंवर अन्याय झाला. १२१ अंशांना वाढणारा (२००३) आणि हिंदी महासागराच्या तळातून आणलेला, दाबाखाली १२२ अंशांना वाढणारा (२००८), हे दोन्ही विक्रम आर्कियांचे. तिथले उष्णताप्रिय खरे जिवाणू बहुतेक त्याहून कमी तापमानात रमतात, म्हणून बातमीत येत नाहीत. इटलीच्या किनाऱ्यालगतच्या तापलेल्या गाळातून १९८६ मध्ये नोंदवलेला थर्मोटोगा पाहा : काडीसारखी पेशी आणि दोन्ही टोकांना फुगलेला सैल झगा. त्याचा भाऊबंद थर्मोसिफो मेलानेसिएन्सिस नैर्ऋत्य पॅसिफिकमध्ये चक्क शिंपल्याच्या कल्ल्यांत सापडला.

हे विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगणारे, जीव प्रयोगशाळेत जगवणं म्हणजे हवेशी झुंज. बाटलीला घट्ट रबरी बूच, आत नायट्रोजन, आणि माध्यमात, म्हणजे पोषक द्रावणात, ऑक्सिजन ओळखणाऱ्या रेझाझुरिन या रंगाचे थेंब. माध्यम रंगहीन असेपर्यंत ठीक. गुलाबी झालं की ऑक्सिजन शिरला, बाटली वाया.

थर्मोटोगाचा जीनोम १९९९ मध्ये आला आणि गुंता पुन्हा वाढला : त्याची जवळपास पाव जनुकं आर्कियांच्या जनुकांशी सर्वांत जास्त जुळत होती. शेजाऱ्यांकडून उचललेली की पूर्वजांकडून आलेली, यावर बरीच शाई खर्ची पडली. २०२१ मध्ये त्याच्या संघाचं (फायलम, वर्गीकरणातला मोठा गट) 'थर्मोटोगोटा' हे नाव अधिकृत झालं, आणि ते जिवाणूंच्याच यादीत आहे.