‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणण्याआधी : मीडियम फॉर्मॅट कॅमेरे भाड्याने नेणाऱ्यांसाठी

आमच्याकडून फुजीफिल्मचा जीएफएक्स किंवा हॅसलब्लाड, म्हणजे मोठ्या सेन्सरचा मीडियम फॉर्मॅट कॅमेरा, नेलेल्या ग्राहकाचा शूटच्या दुसऱ्या दिवशी फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘लेन्स सॉफ्ट आहे’, म्हणजे फोटो मऊ येतोय, हेच असतं. फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर उघडलेले असतात, शंभर टक्के झूम केलेले असतात आणि पापण्यांचे केस सुटे दिसत नसतात. लेन्स परत येते. आमची एक संध्याकाळ ती तपासण्यात जाते आणि बहुधा ती ठणठणीत निघते. तोवर शूट उरकलेलं असतं; मॉडेल, मेकअप, गाडी, लोकेशन, सगळ्यांचे पैसे चुकते झालेले असतात. म्हणून हे पत्रक. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला येतं असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

सॉफ्ट कसलं, ते आधी बघा

डोळ्यातला लाइटचा ठिपका, नथीचे मोती, पदराची जर, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं किंवा दुहेरी दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. डोळा मऊ आहे, पण कानामागचे केस किंवा ब्लाउजची किनार कोरल्यासारखी स्वच्छ आहे, तर फोकस मागेपुढे गेलं आहे. आणि फ्रेमची एकच बाजू, समजा उजवी, प्रत्येक फोटोत, प्रत्येक अ‍ॅपर्चरला, ट्रायपॉडवरसुद्धा मऊ येत असेल, तर लेन्सच्या आत खरंच काहीतरी सरकलं आहे. असं असेल तर तिथूनच फोन करा. लेन्स बदलून देऊ आणि तिचं त्या दिवसाचं भाडं घेणार नाही.

पहिल्या दोन प्रकारांत मात्र भाडं परत मिळत नाही. यावर वाद झालेत, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

शटर स्पीड

निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्या असतात. १०० एमएमची लेन्स असेल तर हातात धरून १/१०० पुरे, हा नियम फिल्मच्या काळातला, बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी केलेला. जीएफएक्स १००एसची फाइल ११,६४८ बाय ८,७३६ पिक्सेलची असते. ३०० डीपीआयला ती सुमारे ३९ बाय २९ इंच छापता येते. साध्या मॉनिटरवर ती शंभर टक्के उघडणं म्हणजे तीनेक मीटर रुंद फोटोला नाक लावून बघणं आहे. तिथे हात थरथरल्याचं लपत नाही.

पिक्सेलच्या मापात बोलायचं तर २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर) एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो, १०२ मेगापिक्सेलच्या जीएफएक्सवर ३.७६ मायक्रॉनचा. म्हणजे हात तेवढाच हलला तरी प्रतिमा दीडपटीहून जास्त पिक्सेल ओलांडते. सोनीचा ६१ मेगापिक्सेलवाला ए७आर ४ वापरणाऱ्यांना हे नवीन वाटत नाही, कारण तिथेही पिक्सेल याच मापाचा आहे. धक्का बसतो तो २४ वरून थेट इकडे येणाऱ्यांना.

आम्ही तिपटीचा हिशोब सांगतो. ६३ एमएमला १/२००, ८० ला १/२५०, ११० ला १/३२० किंवा त्याहून वेगवान. त्यासाठी आयएसओ ८०० करावा लागला तर खुशाल करा. नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरने धड सरळ होत नाही. जीएफएक्सच्या १००एस, ५०एस २ आणि हॅसलब्लाडच्या एक्स२डी यांच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे. जीएफएक्स ५०आर आणि हॅसलब्लाड एक्स१डी मध्ये नाही. असलं तरी ते तुमचा हात सावरतं. नवरीने मान वळवली तर ते काय करणार?

ट्रायपॉडवर लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी जमिनीवर ट्रायपॉड ठेवलात की असिस्टंट चालला तरी कॅमेऱ्याला कळतं. लक्ष्मी रस्त्यावर दुकानाच्या वरच्या मजल्यावर दागिन्यांचं शूट असेल तर खालून जाणारी बससुद्धा फाइलमध्ये येते. फोकस स्टॅकिंग करताना, म्हणजे फोकस थोडं थोडं सरकवत काढलेल्या फ्रेम एकत्र जोडताना, तीस फ्रेमपैकी मधल्या दोन हलल्या तर सॉफ्टवेअर त्या जोडताना नेमकी सोन्याची कड दुहेरी करतं, आणि ते लक्षात येतं रिटचिंगला बसल्यावर. म्हणून टायमर दोन सेकंदांवर, शटर ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन’वर (सुरुवातीला शटरचा धक्का बसत नाही), स्टॅबिलायझेशन बंद, आणि क्लिक होईपर्यंत सगळे जागच्या जागी उभे.

फ्लॅश लावणार असाल तर

जीएफएक्सचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅश जुळतो तो सर्वांत वेगवान शटर स्पीड, १/१२५ आहे. त्याच्या वर गेलात की फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो. मग वरचा तिपटीचा नियम इथे कसा पाळायचा, हा प्रश्न बरोबर आहे. स्टुडिओत तो पाळायची गरज नसते, कारण फोटो गोठवतो तो फ्लॅशचा क्षणभराचा उजेड, शटर नव्हे. पण त्यासाठी बाकीचा उजेड खरोखर नगण्य हवा. फ्लॅश न लावता एक फ्रेम काढा. ती पूर्ण काळी आली पाहिजे. खिडकीचा पडदा उघडा असेल, छताच्या ट्यूब चालू असतील, तर फ्लॅशची एक स्वच्छ प्रतिमा आणि तिच्यावर ट्यूबची हललेली दुसरी, असं दोन्ही एकत्र येतं. ट्यूब बंद करायला कुणीतरी उठायचा कंटाळा करतं आणि ‘लेन्स सॉफ्ट’चा फोन आम्हाला येतो.

उन्हात मामला वेगळा. मुळशी-पवनेकडे भर दुपारी प्री-वेडिंग, फ्लॅशसकट, आणि ११० एमएम एफ/२ वरच हवी, असा आग्रह असेल तर १/१२५ ला सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा, फिल्टर लागेल; तो आमच्याकडून घेऊन जा. किंवा हॅसलब्लाड न्या. तिच्या एक्ससीडी लेन्समध्ये शटर लेन्सच्या आत, पानांचं असतं आणि कोणत्याही वेगाला फ्लॅश जुळतो. एक्स२डीचा मूळ आयएसओ ६४ आहे. १/२००० ला कडक उन्हात एनडीशिवाय साधारण एफ/२.८ पर्यंत येता येतं. भाडं जास्त आहे, हे खरं. पण उन्हातल्या फ्लॅशसाठी याहून सोपी वाट आमच्या कपाटात नाही.

आणि एक. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर फ्लॅशबरोबर वापरू नका. आमच्या बॉडींवर त्या मोडमध्ये फ्लॅश उडतच नाही, आणि एलईडी लाइटखाली फोटोत आडव्या पट्ट्या येतात. ट्रिगर बिघडला म्हणून निम्मं शूट थांबवलेल्यांच्या बाबतीत हाच मोड चालू राहिलेला असतो.

फोकस आणि अ‍ॅपर्चर

११० एमएम एफ/२ वर दीड मीटरवरून चेहरा घेतला तर सैल हिशोबाने जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर खोली शार्प धरता येते. शंभर टक्के झूमचा हिशोब लावलात तर काही मिलिमीटरच. मधल्या पॉइंटवर डोळा पकडून मग फ्रेम सरकवायची सवय इथे सोडा. पॉइंट डोळ्यावर नेऊन ठेवा. दोघांचा फोटो असेल तर एफ/५.६ च्या आत येऊ नका.

उलट टोकाला, प्रॉडक्टवाले सवयीने एफ/१६, एफ/२२ लावतात. या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरतो) सगळी फ्रेम सारखीच मऊ पडत जाते. १०० मेगापिक्सेलचं भाडं भरायचं आणि एफ/२२ ला ते धुऊन टाकायचं, यात आमचं नुकसान काही नाही, तुमचं आहे. एफ/८ वर ठेवा आणि जीएफएक्समधलं फोकस ब्रॅकेटिंग वापरा, ते स्टॅकिंगसाठी फोकस आपोआप सरकवत फ्रेम काढतं.

जीएफएक्सची १२० एमएम मॅक्रो ‘खरी मॅक्रो नाही’ अशी तक्रार सराफांचं काम करणारे करतात. ती निम्म्या आकारापर्यंत जाते, म्हणजे साधारण ८८ मिलिमीटर रुंद फ्रेम. तीन सेंटीमीटरची नथ त्यात एक-तृतीयांश जागा व्यापते, पण त्या एक-तृतीयांशातच चार हजार पिक्सेल असतात. कॅटलॉगला क्रॉप करून पुरतं. एक्स्टेन्शन ट्यूब लावून लेन्स नथीच्या इतकी जवळ नेऊ नका की लाइट टाकायला जागाच उरणार नाही.

काकांची मामिया, स्वतःच्या कॅनन लेन्स

जुन्या लेन्स लावायला आमची ना नाही. उलट मामिया ६४५, पेंटॅक्स ६७, कॅनन ईएफ यांचे अ‍ॅडॅप्टर आमच्याकडे आहेत. पेंटॅक्सची १०५ एमएम एफ/२.४ पोर्ट्रेटला आम्हालाही आवडते. फक्त अपेक्षा नीट ठेवा. हा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा आहे, ६४५ फिल्मपेक्षा लहान. त्यामुळे मामियाची ८० एमएम फुलफ्रेमच्या ६३ सारखी दिसते आणि ‘नॉर्मल’पेक्षा घट्ट वाटते. जीएफएक्सवरची कोणतीही फोकल लेन्थ ०.७९ ने गुणा, फुलफ्रेमचं माप मिळेल.

फुलफ्रेमच्या लेन्सचं उलटं. सेन्सरचा कर्ण ५५ मिलिमीटर आणि लेन्स बनवलेली ४३ साठी, म्हणून बऱ्याच लेन्स कोपरे काळे करतात. मग बॉडीतला ३५ एमएम मोड लावा, तो सेन्सरचा मधला फुलफ्रेमएवढा भागच वापरतो. १०० मालिकेत तरीही ६० मेगापिक्सेल उरतात. अपवाद टिल्ट-शिफ्ट, म्हणजे तिरकी करता आणि सरकवता येणाऱ्या, लेन्सचा. कॅननच्या टीएस-ई २४ च्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रतिमावर्तुळ (लेन्स प्रतिमा पाडते तो गोल) ६७ मिलिमीटरचं आहे, ती सेन्सर झाकून वर शिफ्टलाही जागा ठेवते. इमारतींचं काम करणाऱ्यांनी ही जोडी जरूर करून बघावी.

कॅमेऱ्याशी इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेली लेन्स लावल्यावर कॅमेरा क्लिकच करत नसेल तर मेन्यूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा. या एका गोष्टीसाठी रविवारी सकाळी सातला फोन येतात. फोकल लेन्थही मेन्यूत भरा, नाहीतर स्टॅबिलायझेशन चुकीच्या मापाने चालतं आणि मदतीऐवजी बिघाड करतं. अ‍ॅडॅप्टरवर इन्फिनिटीची खूण बरेचदा जागेवर नसते. रिंग शेवटपर्यंत फिरवून समोरचा सिंहगड शार्प आला असं धरू नका, मोठं करून बघा. हॅसलब्लाडच्या एक्स बॉडीत पडद्याचं शटर नाही, म्हणून परकी लेन्स लावली की फक्त इलेक्ट्रॉनिक शटर उरतं आणि फ्लॅश विसरायचा.

तुम्हाला हा कॅमेरा हवाच आहे का?

आमच्या धंद्याच्या विरोधात वाटेल, पण वरातीला ५०आर नेऊ नका. ५० मालिकेचं ऑटोफोकस फक्त कॉन्ट्रास्टवर चालतं, नाचणाऱ्या माणसांमागे ते धावू शकत नाही. १०० मालिका बरीच बरी, तरी स्टेजवर फुलफ्रेमच सोयीचा. ‘मीडियम फॉर्मॅटची ब्लर’ हवी म्हणून येणाऱ्यांनाही सांगतो: ११० एफ/२ ही फुलफ्रेमच्या ८७ एमएम एफ/१.६ इतकीच ब्लर देते. तुमच्याकडे ८५ एफ/१.४ असेल तर त्याहून थोडी जास्तच तुमच्यापाशी आहे. हा कॅमेरा न्यायचा तो पैठणीच्या पोतासाठी, चित्रांच्या पुनर्मुद्रणासाठी, मोठ्या प्रिंटसाठी, सोन्याच्या झळाळीपासून काळ्या मखमलीपर्यंतचा टोन एका फाइलमध्ये सांभाळायचा असतो तिथे. अशा कामाला मात्र दुसरं काही नेऊन पस्तावू नका.

काउंटरवरचा अर्धा तास

पहिल्यांदा नेणाऱ्याला आम्ही अर्धा तास थांबवतो. आदल्या संध्याकाळी या. त्या संध्याकाळचं भाडं लावत नाही. भिंतीवर जरीकाठाचा एक तुकडा ताणून लावला आहे. तुम्ही नेणार तीच बॉडी, तीच लेन्स. एक फ्रेम हातात १/६० ला, एक १/३२० ला, एक ट्रायपॉडवर. तिन्ही आमच्या मॉनिटरवर शेजारी शेजारी उघडतो. पहिलीत जरीचा प्रत्येक धागा दोनदा दिसतो, दुसरीत एकदा, तिसरीत धाग्याला दिलेला पीळसुद्धा मोजता येतो. काही जणांना हे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. या फ्रेम तुमच्या नावाने आम्ही जपून ठेवतो. उद्या लेन्सबद्दल प्रश्न निघाला तर त्या तुमच्याही बाजूचा पुरावा असतात. घाईत असाल आणि अर्धा तास नकोच असेल तर तसं पावतीवर लिहून सही करावी लागेल. मग सॉफ्टची तक्रार ऐकून घेऊ, पण भाडं परत मागू नका.

येताना ओळखपत्र, डिपॉझिट आणि स्वतःचा लॅपटॉप आणा. कॅमेरा लॅपटॉपला जोडणारी टेदर केबल आम्ही देतो, आणि टेदर करून शूट केलंत तर वरचं निम्मं पत्रक वाचायची गरज नाही, कारण चूक पहिल्याच फ्रेमला मोठ्या स्क्रीनवर दिसते. अनकॉम्प्रेस्ड फाइल दोनशे एमबीच्या आसपास जाते. ६४ जीबीच्या कार्डवर तीनशेच्या वर धरू नका. पावसाळ्यात एसी स्टुडिओतून बाहेर पडताना बॅग अर्धा तास बंद ठेवा, लेन्सवर वाफ धरते. ओली बॅग तशीच परत आणलीत तर सांगा, म्हणजे आम्ही ती लगेच ड्राय कॅबिनेटमध्ये टाकू. फंगस एकदा धरला की लेन्स पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आमची कार्डं परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फॉरमॅट होतात, त्याआधी फाइल दोन ठिकाणी उतरवून घ्या.