काराकल्लाच्या कपाळावरच्या आठ्या कुणाच्या इच्छेने आल्या?

रोमन सम्राट काराकल्लाच्या संगमरवरी अर्धपुतळ्याचा फोटो बरेचदा एका ओळीसह फिरतो: ‘शिल्पकाराने जीव धोक्यात घालून त्याचा क्रूरपणा चेहऱ्यावर कोरला.’ हे पटकन पटतं, कारण तो क्रूर होताच. इ.स. २११ मध्ये त्याने सख्खा भाऊ गेटा याला मारवलं.

पण पुढचं पाहा. गेटाच्या प्रतिमा त्याने साम्राज्यभर नष्ट करवल्या. बर्लिनमधल्या एका लाकडी कुटुंबचित्रात गेटाचा चेहरा आजही खरवडलेला दिसतो. प्रतिमांवर इतकी करडी नजर असलेल्या माणसाने स्वतःची बदनामी करणारा पुतळा चालू दिला असता का? मुळीच नाही. हा चेहरा दरबारी मान्यतेचा होता. बारीक कापलेले केस, खुरटी दाढी, आठ्या, झटक्यात वळवलेली मान: त्याला कणखर शिपाईगडी दिसायचं होतं. त्याची सत्ता सैन्यावर उभी होती, सैनिकांचा पगारही त्याने वाढवला होता.

पडताळणी सोपी आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला अर्धपुतळा आणि इतर शहरांतल्या प्रती शेजारी ठेवा. आठ्यांची ठेवण जुळते, म्हणजे नमुना एकच. मग त्याची नाणी पाहा. ती तर सरकारी टाकसाळीतली, आणि तिथेही तो तसाच कठोर दिसतो.