चार्ली पार्करचं 'लव्हर मॅन' आणि त्यामागची भानगड

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची रेकॉर्डिंग्ज तारखेप्रमाणे ऐकायला बसलं की २९ जुलै १९४६ ला गाडी अडतेच. लॉस एंजेलिसमधलं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग सेशन ('लव्हर मॅन' हे गाणं त्यातलंच) बाजारात आणायला हवं होतं का, यावर अजूनही भांडणं होतात, म्हणून हे जरा मागचं.

पार्कर वाढला ते कॅन्सस सिटी, तिथले रात्रभर चालणारे क्लब वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. पण एक गोष्ट लोक विसरतात. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियनने रॉयल्टीसाठी रेकॉर्डिंगच बंद पाडलं होतं आणि सगळ्या मोठ्या कंपन्या नमायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. १९४३ मध्ये पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी एकाच बँडमध्ये होते, पार्कर तिथे नेहमीचा आल्टो सॅक्स सोडून चक्क जाड आवाजाचा टेनर सॅक्स वाजवायचा, आणि त्या बँडची एक तबकडी नाही. म्हणून नोव्हेंबर १९४५ ला रेकॉर्ड झालेलं 'को-को' आलं तेव्हा ही वाजवण्याची नवीच तऱ्हा एकदम कुठून उपटली असं लोकांना वाटलं.

डिसेंबर १९४५ ला तो गिलेस्पीच्या ग्रुपबरोबर हॉलीवूडच्या क्लबमध्ये वाजवायला गेला. बाकीचे परतले, हा मागे राहिला. तिथल्या एका नवख्या, भांडवल बेताचंच असलेल्या कंपनीने २८ मार्चला त्याचं पहिलं सेशन केलं, आणि काय वाजवलंय, 'यार्डबर्ड स्वीट', 'ऑर्निथॉलॉजी', शिवाय हेरॉइन पुरवणाऱ्या माणसाच्या टोपणनावावर बेतलेलं 'मूस द मूच'. त्या माणसाला पार्करने आपली अर्धी रॉयल्टी लिहून दिली होती! पुढे तो पकडला गेला, माल मिळेना, मग पार्कर दारूवर आला.

जुलैच्या सेशनला तो कसाबसा उभा होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या. 'लव्हर मॅन'मध्ये पियानोची सुरुवात संपते तरी सॅक्स येत नाही, पियानोवाला वाजवतच राहतो, आणि मग पार्कर उशिरा, अडखळत आत शिरतो. ते ऐकताना पोटात गोळा येतो. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीला आग लागली, त्याला पोलिसांनी उचललं आणि पुढचे सहा महिने कॅमारिओच्या सरकारी मनोरुग्णालयात गेले.

आणि कंपनीने ती तबकडी काढली. पार्कर शेवटपर्यंत यावर चिडून होता आणि माझ्या मते बरोबरच होता. कंपनीची बाजू घेणारे म्हणतात की सेशनवर पैसे खर्च झाले होते, शिवाय वाजवण्यात जी वेदना आहे ती दुसरीकडे नाही. वेदना आहे हो, पण माणूस शुद्धीवर नसताना त्याची परवानगी कोणाची घेतली? मोठमोठ्या वादकांनाही हाच टेक (म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) आवडतो म्हणतात, तेही खरं, मीही तो डिलीट केलेला नाही. पण आवडणं वेगळं आणि विकणं वेगळं. दुसरीकडे याच कंपनीने फेब्रुवारी १९४७ मध्ये, तो बाहेर आल्यावर, 'रिलॅक्सिन ॲट कॅमारिओ' केलं आणि त्यात तो ठणठणीत वाजवतोय, हेही सांगायलाच हवं.

१९५१ मध्ये त्याने 'लव्हर मॅन' दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा रेकॉर्ड केलं, शुद्धीत, नीट. लोक चर्चा करतात ती मात्र जुन्याचीच. १२ मार्च १९५५ ला, ३४ व्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये गेला आणि मग तर काहीच शिल्लक ठेवायचं नाही असं ठरलं जणू. फसलेले टेक, अर्धवट तोडलेले टेक, सगळं बॉक्स सेटमध्ये. त्याच्यावरच्या १९८८ च्या सिनेमात जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याचा सॅक्स वेगळा काढून मागे नवे वादक बसवले. १९९० मध्ये एका चाहत्याने क्लबमध्ये जाऊन केलेली रेकॉर्डिंग्ज ७ सीडींवर आली, हा पठ्ठ्या पार्करचा सोलो संपला की मशीन बंद करायचा, त्यामुळे बाकीच्यांनी काय वाजवलं ते बहुतेक ठिकाणी गायबच. या सगळ्यापुढे १९४६ चा तो एक टेक किरकोळ वाटायला लागतो, पण दार तिथेच उघडलं.