व्याघ्रसंवर्धन

वाघ (पँथेरा टायग्रिस) आणि त्याचा अधिवास यांचे शिकार, तस्करी व जंगलांच्या विखंडनापासून रक्षण करण्यासाठी कायदा, राखीव क्षेत्रे, शास्त्रीय गणना आणि वनालगतच्या लोकांचा सहभाग या मार्गांनी जे काम चालते, त्याला व्याघ्रसंवर्धन म्हणतात. एकेकाळी कॅस्पियन समुद्राच्या परिसरापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत आणि दक्षिणेस जावा व बाली बेटांपर्यंत वाघ आढळत असे. त्यांपैकी कॅस्पियन, जावा आणि बाली येथील वाघ विसाव्या शतकात नामशेष झाले. कंबोडिया, लाओस व व्हिएतनाम येथील जंगलांतूनही अलीकडच्या काळात वाघ नाहीसा झाला. आज जगातील बहुतांश वन्य वाघ भारतात आहेत.

वाघाला संरक्षणाची गरज इतर अनेक प्राण्यांपेक्षा अधिक का भासते, याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे. एका प्रौढ वाघाला वर्षाकाठी चितळ-सांबराएवढ्या आकाराची सुमारे पन्नास जनावरे लागतात, आणि एवढी शिकार होऊनही कळप टिकायचे असतील तर त्याच्या क्षेत्रात अशी सुमारे पाचशे जनावरे असावी लागतात. म्हणजे बंदुकीचा एकही बार न काढता, केवळ चितळ-सांबर-रानडुकरे संपवून जंगल वाघाविना करता येते. वाघिणीची पिल्ले सुमारे दोन वर्षे आईवर अवलंबून असतात; ती मेली तर बछडेही बहुधा जगत नाहीत. नर मारला गेला तर त्याचे क्षेत्र दुसरा नर बळकावतो आणि आधीच्या नराची पिल्ले अनेकदा मारून टाकतो. त्यामुळे एका कातड्यासाठी झालेल्या शिकारीची झळ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, आणि मृत वाघांच्या नोंदीत ती पूर्णपणे दिसत नाही.

‘वाघ वाचला तर जंगल वाचेल’ हे विधान नेहमी केले जाते, पण ते जपून वापरावे. वाघ नसलेली चांगली जंगले सह्याद्रीत आजही उभी आहेत. वाघ संपला की झाडे दुसऱ्या दिवशी कोसळत नाहीत. या विधानातला खरा मुद्दा जागेचा आहे. वाघाला विस्तीर्ण, सलग आणि पाणी असलेले वन लागते. ते त्याच्यासाठी राखले की गवा, रानकुत्रा, अस्वल यांच्यापासून नदीच्या उगमापर्यंत बरेच काही आपसूक राखले जाते. मेळघाटातून सिपना, खापरा, खंडू, गडगा आणि डोलार या तापीच्या उपनद्या वाहतात. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंच नदीवरील धरणांतून येतो, आणि तिच्या पाणलोटातील बरेचसे वन व्याघ्रप्रकल्पात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात चाळीस हजार वाघ होते, असा आकडा सर्रास दिला जातो. तो मोजणीवर आधारलेला नसून अंदाज आहे. १९७२ च्या गणनेत मात्र केवळ १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले. शिकारीवर बंदी आधीच आली होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी नऊ राखीव क्षेत्रांसह ‘व्याघ्रप्रकल्प’ सुरू झाला. या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाट होते. कैलाश सांखला हे प्रकल्पाचे पहिले संचालक.

त्या काळी मोजणी पावलांच्या ठशांवरून होत असे, आणि एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची शक्यता मोठी होती. कागदोपत्री वाघ असूनही राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. काही वर्षांनी मध्य प्रदेशातील पन्नाचीही हीच गत झाली. सरिस्काच्या धक्क्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि गणनेची पद्धत बदलली. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. या पद्धतीने २००६ मध्ये देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तर २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला. याच काळात महाराष्ट्रातील संख्या १०३ वरून ४४४ झाली. सरिस्का आणि पन्ना येथे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले. पन्नातील प्रयोग विशेष यशस्वी ठरला.

संख्या वाढल्याने प्रश्न सुटत नाही, तो जागा बदलतो. देशातील वाघांपैकी सुमारे एक तृतीयांश व्याघ्रप्रकल्पांच्या बाहेर वावरतात. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालगतच्या आणि ब्रह्मपुरी वनविभागातील गावांत धानाची शेते व वाघांचे क्षेत्र एकमेकांत मिसळले आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यांत दगावतात. दुसरीकडे, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने वाघ मरतात. गोव्यात म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिची तीन पिल्ले विषाने मेली. वाघाने गुरे मारल्याचा राग त्यामागे असल्याचे तपासात पुढे आले. वाघबारशीला वाघाची पूजा करणाऱ्या आणि वाघदेव मानणाऱ्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या हे सहजीवन पेलले आहे, पण मेलेल्या गाईची भरपाई वेळेवर न मिळाल्यास श्रद्धा कुठवर पुरणार? गाभा क्षेत्रातील, म्हणजे राखीव वनाच्या अगदी आतल्या भागातील गावांचे पुनर्वसन हाही वादाचा विषय आहे. काही कुटुंबांना रस्ता, शाळा व दवाखाना जवळ आला, तर काहींचा वनहक्क व उपजीविका दोन्ही तुटली.

याहून कमी दिसणारा धोका एकाकीपणाचा आहे. ओडिशातील सिमलीपाल येथे रुंद, एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यांमुळे काळे दिसणारे वाघ आढळतात; ते पर्यटकांचे आकर्षण असले तरी, इतर जंगलांशी संपर्क तुटलेल्या लहान समूहातील अंतःप्रजननाशी (जवळच्या नात्यातील प्राण्यांच्या मीलनाशी) त्यांचा संबंध असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले आहे. म्हणूनच राखीव क्षेत्रांइतकेच त्यांना जोडणारे संचारमार्ग महत्त्वाचे ठरतात. नागपूर-जबलपूर राष्ट्रीय महामार्गावर पेंचजवळ वन्यप्राण्यांसाठी लहान पूल व भुयारी मार्ग मिळून नऊ रचना उभारल्या असून त्यांपैकी सर्वांत लांब सुमारे ७५० मीटर आहे. त्यांखालून वाघ ये-जा करत असल्याची कॅमेऱ्यांनी नोंद केली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावलेला एक तरुण नर शेते, कालवे आणि रस्ते ओलांडत, महाराष्ट्र व तेलंगणातून तेराशेहून अधिक किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे त्याला शिकार मिळाली, पाणी मिळाले. वाघीण मात्र त्या जंगलात एकही नव्हती.