टाका आणि पट्टी : मराठवाड्यातील पुरुषांच्या विणीच्या कपड्यांची पार्श्वभूमी

मराठवाड्यात सत्तरी ओलांडलेली अनेक माणसे आजही बनियनला गंजीफ्रॉक म्हणतात. या शब्दाचे मूळ इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी नावाच्या लहानशा बेटाकडे नेले जाते. तिथल्या कोळ्यांसाठी लोकरीचे घट्ट, दाट विणीचे अंगरखे होत आणि त्यांना ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणत. शेजारच्याच जर्सी बेटाने आपल्याला ‘जर्सी’ हा शब्द दिला. म्हणजे विणीचा कपडा आपल्याकडे आला तो एका परक्या ठिकाणाचे नाव घेऊनच. आज छत्रपती संभाजीनगरच्या निराला बाजारात किंवा लातूरच्या गंजगोलाईत उभा असलेला गिऱ्हाईक हजार रुपयांचा आणि आठ हजार रुपयांचा असे दोन स्वेटर हातात घेतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा नावच असते. त्या नावामागे काय आहे आणि काय उरलेले नाही, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आधी एक अडचण भाषेची आहे. मराठीत मागावरचे कापडही ‘विणतात’ आणि सुयांवरचा स्वेटरही ‘विणतात’. एकच क्रियापद दोन्हीकडे चालत असल्यामुळे दोन अगदी वेगळ्या कृतींतला फरक बोलण्यात झाकला जातो. मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा जातो, आणि तयार झालेले कापड थानातून बेतून शिवावे लागते. सुईवर मात्र एकाच धाग्याचा टाका दुसऱ्या टाक्यात ओवला जातो. त्यामुळे कपडा ताणला की पसरतो, सोडला की मूळ आकारात परततो, आणि टाके वाढवत किंवा कमी करत थेट विणतानाच त्याला आकार देता येतो.

मराठवाड्याची परंपरा यांपैकी पहिल्या प्रकारची. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या स्थलांतराबरोबर आलेल्या कारागिरांशी औरंगाबादच्या हिमरूचे नाते सांगितले जाते. सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणातून होणारे हे नक्षीदार कापड हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत शेरवानीसाठी मानाचे होते, आणि उंची मर्दानी पोशाख म्हणजे काय याची या भागातली जुनी व्याख्या त्यातून घडली. दुसऱ्या टोकाला होती घोंगडी. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर हाताने कातून सणगर, म्हणजे घोंगड्या विणणारे कारागीर, ती मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणत. ही लोकर जाड आणि राठ असते, म्हणून घोंगडी पाऊस आणि थंडी अडवते. पण तिचा अंगाला चिकटून बसणारा मऊ स्वेटर होत नाही. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर ती होती, आणि काही ठिकाणी अजून आहे. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे कचेरीत, लग्नात किंवा प्रवासात चालेल असा हलका आणि उबदार कपडा, मराठवाड्यात रिकामीच राहिली. ती पुढे बाहेरून भरली गेली.

ती भरणाऱ्या वस्तूचा इतिहास सुरू होतो १५८९ मध्ये. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या कॅलव्हर्टन गावच्या विल्यम ली याने पायमोजे विणण्याचे यंत्र बनवले. हातविणीतल्या सुयांचे काम करणाऱ्या अनेक आकड्यांची एक रांग, आणि संपूर्ण ओळीचे टाके एका हालचालीत, अशी त्याची कल्पना होती. राणी एलिझाबेथकडून त्याला हवे ते संरक्षण मिळाले नाही आणि तो फ्रान्सला गेला. पण यंत्र टिकले. पुढची दोनशे वर्षे नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या परिसरात घरोघरी ही यंत्रे, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘चौकटी’, चालत राहिली. पायमोज्याला इंग्रजीत ‘होज’ म्हणत. आपल्या बाजारातला ‘होजिअरी’ हा शब्द तिथून आला.

या इतिहासातला एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजच्या खरेदीचा खरा प्रश्न तिथेच पहिल्यांदा उघड झाला. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या विणकरांनी रात्री जाऊन चौकटी फोडायला सुरुवात केली. यंत्र दिसले की फोडणारे अडाणी लोक, अशी या विणकरांची, म्हणजे ‘लडाइटां’ची, प्रतिमा नंतर रूढ झाली, पण ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. हे लोक स्वतः यंत्रावरच विणत होते. मजुरीच्या घसरणीबरोबरच त्यांची एक नेमकी तक्रार होती ती ‘कट-अप’ मालाबद्दल. काही व्यापारी रुंद चौकटीवर सलग विणीचे कापड काढून, त्यातून मोज्याचा आकार कात्रीने कापून, कडा शिवून तो स्वस्तात विकू लागले होते. विणीचे कापड कापले की कडेचा प्रत्येक टाका मोकळा होतो. शिवण उसवली की माल ओघळतो. नीट आकार देत विणलेला मोजा आणि हा कापून शिवलेला मोजा दुकानात सारखेच दिसत, पण चार वेळा धुतल्यावर फरक कळे. तोवर सगळ्या परगण्याच्या मालाचे नाव खराब झालेले असे.

आकार देत विणण्याची ही पद्धत पुढे यंत्रावर पक्की झाली ती लाफबरोच्या विल्यम कॉटनमुळे. त्याने १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रावर टाके आपोआप कमी-जास्त करत एकाच वेळी अनेक नग विणता येत. अशा मालाला ‘फुली फॅशन्ड’ म्हणतात. आपल्या घरांत दोन सुयांवर स्वेटर विणलेल्या आया-मावश्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बाहीच्या मुंढ्याशी दर दुसऱ्या ओळीला एक टाका कमी करायचा, गळ्याला टाके बंद करायचे, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असे. त्यांनी हाताने केलेली गोष्ट म्हणजेच फुली फॅशन्ड वीण. ती यंत्रावर सावकाश होते, म्हणून महाग पडते.

नामवंत इंग्रजी आणि स्कॉटिश कंपन्या याच कौशल्यावर उभ्या राहिल्या. डर्बीशायरच्या ली मिल्समध्ये १७८४ पासून चालत आलेले जॉन स्मेडली हे बारीक विणीच्या स्वेटरसाठी आणि लांब तंतूच्या सी आयलंड कापसाच्या विणीसाठी ओळखले जाते. स्कॉटलंडच्या हॉइक गावात रॉबर्ट प्रिंगल याने १८१५ मध्ये मोजे आणि आतल्या कपड्यांचा व्यवसाय सुरू केला. त्याच गावात १८७४ मध्ये लाइल अँड स्कॉट आले. आत घालायचा विणीचा कपडा विसाव्या शतकात अंगावर मिरवायचा झाला आणि ही नावे जगभर गेली. १९३३ मध्ये फ्रान्सच्या रेने लाकोस्त या टेनिसपटूने आंद्रे जिलिए या होजिअरी उत्पादकाबरोबर सुती ‘पिके’ (उठावदार पोताच्या) विणीचा, छातीवर मगर असलेला शर्ट बाजारात आणला. कपड्याच्या दर्शनी भागावर चिन्ह लावून विकण्याची रीत त्यामुळे दृढ झाली.

प्रिंगलचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. २००० मध्ये ते हाँगकाँगच्या एका कुटुंबाने विकत घेतले आणि २००८ मध्ये हॉइकमधला कारखाना बंद झाला. नाव चालू राहिले. नाव एकीकडे आणि विणणारे हात दुसरीकडे, अशी ही ताटातूट गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बहुतेक देशांत झाली आहे. भारतात तर अनेक नावे आलीच अशा स्थितीत. मदुरा गारमेंट्सने १९८९ मध्ये लुई फिलिप, १९९० मध्ये व्हॅन ह्यूसन आणि १९९३ मध्ये अ‍ॅलन सॉली येथे आणले. १९९९ मध्ये हा व्यवसाय आदित्य बिर्ला समूहाकडे गेला. यांपैकी अ‍ॅलन सॉली हे मुळात अठराव्या शतकातल्या इंग्रजी होजिअरी व्यवसायातले नाव. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत रुजू झालेल्या तरुण अभियंत्याने शर्टपीस शिवायला टाकणे सोडून यांपैकी एखादा तयार शर्ट घेतला, तेव्हा त्याला वाटले की आपण विलायती वस्तू घेतली. प्रत्यक्षात तो भारतात शिवलेला माल होता, आणि १९९९ पासून तो व्यवसायही भारतीय मालकीचा होता. त्यात कमीपणा काहीच नाही, पण नावाशी जोडलेल्या जुन्या इंग्रजी स्थापना-वर्षाची किंमत मोजण्याचे कारणही त्यात नाही.

त्याआधी मराठवाड्यातला भरवसा निराळ्या ठिकाणी होता. संत नामदेव ज्या शिंपी परंपरेतले, तिचे नरसीपासूनचे वास्तव्य या भागात आहे, आणि गिऱ्हाईक कापड एका दुकानातून घेई व शिलाई आपल्या ठरलेल्या मास्टरकडे टाकी. दुकानदार कापडाची हमी देई, शिंपी मापाची. १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झालेली आणि १९४४ मध्ये सिंघानिया घराण्याकडे आलेली रेमंड गिरणी या व्यवस्थेत नीट बसली, कारण ती मुख्यतः कापड विकत होती. लग्नात जावयाला द्यायचा सूटपीस कोणत्या गिरणीचा, हे थानाच्या काठावर छापलेले असे आणि ते वाचून मानपान ठरे. तयार कपड्यात काठ गेला आणि गळ्यामागची पट्टी आली. काठावरचे नाव कापड विणणाऱ्याचे होते. पट्टीवरचे नाव विकणाऱ्याचे असते. माझ्या मते या भागातल्या मर्दानी कपड्यांच्या खरेदीत झालेला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

स्वेटर मात्र शिंप्याकडून कधीच आला नाही. भारतात विणीचा कारखाना १८९३ मध्ये कोलकात्याच्या खिदिरपूर भागात निघाला. सुती होजिअरीचे मोठे केंद्र पुढे तमिळनाडूतले तिरुप्पूर झाले. लोकरीचे काम उत्तरेकडे राहिले. कानपूरच्या लाल इमली गिरणीची स्थापना १८७६ ची. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या धारीवालची गिरणीही एकोणिसाव्या शतकातली. नामदेवांनी आयुष्याचा उत्तरकाळ जिथे घालवला ते घुमान याच जिल्ह्यात आहे. लुधियान्यात १८३३ च्या दुष्काळानंतर काश्मीरमधून आलेले शालकारागीर वसले, आणि त्यांच्या कसबाच्या पायावर पुढे विसाव्या शतकात विणीच्या यंत्रांचे शहर उभे राहिले. त्या शहरातल्या ओसवाल वूलन मिल्सने १९८४ मध्ये ‘मॉन्टे कार्लो’ हे नाव बाजारात आणले. विणणारा पंजाबी आणि नाव भूमध्य समुद्रकाठचे, असे असले तरी इथे यंत्र आणि नाव एकाच छताखाली होते, आणि त्याचा मालावर चांगला परिणाम झाला.

मराठवाड्यापर्यंत हा माल दोन वाटांनी आला. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे नांदेडचे पंजाबशी नाते तीनशे वर्षांचे आहे. सचखंड एक्सप्रेस लुधियान्यावरूनच अमृतसरला जाते. दुसरी वाट तिबेटी निर्वासितांची. १९५९ नंतर भारतात आलेल्या या लोकांनी हिवाळी स्वेटरविक्री हा हंगामी धंदा केला. दिवाळीनंतर शहरोशहरी मैदानांवर त्यांच्या दुकानांच्या रांगा लागतात आणि संक्रांतीनंतर उठतात. लोक त्या मालाला तिबेटी म्हणत आले, पण त्यातला बहुतेक लुधियान्याचा. मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांचा पहिला विकतचा स्वेटर तिथला आहे, आणि भाव स्पष्ट सांगणाऱ्या त्या विक्रेत्यांविषयी लोकांच्या मनात आदर आहे.

त्या काळात स्वेटरमध्ये लोकर होती की नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अ‍ॅक्रिलिकचा धागा १९५० पासून व्यापारी प्रमाणात निघू लागला. तो स्वस्त, रंगाला उठावदार आणि कसर न लागणारा, म्हणून त्याने लोकरीची जागा घेतली. लोकर उत्पादकांनी १९६४ मध्ये ‘वूलमार्क’ हे चिन्ह काढले ते या स्पर्धेमुळेच. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. रोज शेतात किंवा दुचाकीवर वापरायला ते सोयीचे आहे. मात्र ते घाम शोषत नाही आणि काखेत, मनगटाशी लवकर गोळे धरते. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारणपणे २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, आणि उत्तम प्रतीचा १८ च्या आसपास. म्हणून ती टोचत नाही. लोकर हवेतला दमटपणा धरून ठेवते, त्यामुळे अंग एकदम तापत नाही आणि एकदम गारठतही नाही.

आपल्या हवेला हा गुण महत्त्वाचा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली नोंदले गेले आहे. पण त्याच दिवशी दुपारी ऊन चांगले तापते. स्कॉटलंडच्या हवेसाठी केलेला जाड स्वेटर इथे सकाळी दहानंतर अंगावर राहत नाही. इथे बारीक विणीचा हवा. यंत्रावर एका इंचात किती सुया यावरून ‘गेज’ मोजतात. ३ किंवा ५ गेजचा स्वेटर जाड आणि मोठ्या टाक्यांचा, १२ किंवा १४ गेजचा शर्टवर किंवा कोटाखाली बसणारा. सुती वीण घ्यायची तर लांब तंतूचा कापूस पाहावा. १९७४ मध्ये कोइमतूरला तयार झालेला सुविन हा आपल्या देशातला सर्वांत लांब तंतूच्या वाणांपैकी एक आहे. नांदेड-परभणीची गावरानी ही देशी कापसात बारीक सुतासाठी नावाजलेली होती. तिच्या सुताचा विणीचा शर्ट एखाद्या गिरणीने करावा, असे मला मनापासून वाटते.

दुकानात पट्टी वाचण्याआधी कपडा उलटा करावा. मुंढ्याजवळ तिरप्या रेषेत लहान खुणा असतील आणि त्यांच्या बाजूने टाक्यांची ओळ वळलेली दिसत असेल, तर तो आकार देत विणलेला आहे. त्याऐवजी जाड ओव्हरलॉकची, म्हणजे कापलेली कड धाग्यांनी गुंडाळणारी, शिवण असेल आणि तिच्यापाशी टाक्यांच्या ओळी मध्येच तुटल्या असतील, तर तो थानातून बेतलेला आहे, मग गळ्यामागे कोणत्याही देशाचे नाव असो. हलक्या टी-शर्टला ती शिवण चालते. पाच हजारांच्या स्वेटरला चालत नाही. कॉलर आणि मनगटाची पट्टी दोन बोटांनी ताणून सोडावी आणि ती जागेवर परतते का ते पाहावे. मग आतल्या चिठ्ठीवर लोकर, सूत आणि अ‍ॅक्रिलिक यांचे शेकडा प्रमाण वाचावे. १८११ च्या विणकरांनी ज्या मालाविरुद्ध चौकटी फोडल्या, तो आजही विकला जातो, आणि तो ओळखण्याची खूण तेव्हा होती तिथेच, शिवणीच्या आतल्या बाजूला आहे.