पावती बँकेची की पतसंस्थेची?
मुदत ठेव ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

जुलै आला, विवरणपत्रं भरायची वेळ झाली, की आमच्या कार्यालयात कॅरीबॅगा येऊ लागतात. आत रबर लावलेल्या ठेव पावत्या आणि दोन-तीन पासबुकं. आम्हाला हवं असतं व्याज, पण पावत्या चाळताना नजर वरच्या नावावर जाते. "ही बँकेची ना?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो, चौकातली." चौकातल्या पाटीवर 'अर्बन को-ऑप.' ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरांत 'क्रेडिट सोसायटी'. म्हणजे ती पतसंस्था, बँक नव्हे.

बँक व्यापारी असो वा सहकारी, तिच्यातल्या ठेवीला डीआयसीजीसीचं विमा संरक्षण असतं. हे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं. विम्याचा हप्ता बँक भरते, तुम्हाला अर्ज करावा लागत नाही. पूर्वी मर्यादा 1 लाख रुपये होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख झाली. पतसंस्थेला हे संरक्षण नाही, मग ती राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असो वा मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी. पतसंस्था वाईटच, असं आम्ही म्हणत नाही; गावात अडीनडीला तीच उपयोगी पडते. पण जास्तीचं व्याज कशाच्या बदल्यात मिळतंय, हे माहीत असावं.

आता 5 लाख म्हणजे नेमके किती? मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख. ठेव 4,80,000 ची आणि व्याज साठलं 40,000, तर विमा 5 लाखांचाच. वरचे 20,000 उघडे. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत पैसे विभागले म्हणूनही काही साधत नाही, सगळ्या शाखांची बेरीज होते. बचत खातं आणि मुदत ठेवही एकत्रच धरतात. बँक वेगळी असेल तर मर्यादा वेगळी. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर 5 लाख, बायकोच्या एकटीच्या नावावर 5 लाख आणि दोघांच्या संयुक्त नावावर आणखी 5 लाख, असं एकाच बँकेत चालतं. त्याच बँकेचं कर्ज डोक्यावर असेल, तर ते वजा करून हिशेब होऊ शकतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पैसे काढायला बंदी आली, तर पूर्वी ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत. 2021 च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे. त्यासाठी खात्याची केवायसी अद्ययावत हवी, पत्ता आणि मोबाइल जुनाच राहिला तर तुमचंच काम अडतं.

दुसरी गोष्ट वारसाची. पावतीवर नामनिर्देशनाची नोंद आहे का ते बघा, पुष्कळ पावत्यांवर तिथे रेघ असते. नॉमिनीच्या हाती बँक पैसे देते, पण म्हणून तो मालक होत नाही; हक्क मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. थोरल्याला नॉमिनी केलं म्हणजे धाकट्याचा वाटा संपला, असं नाही. ही समजूत काढताना आमच्या टेबलासमोर भावाभावांत बोलाचाली झालेली आहे. दोघांनाही चहा पाजला, पुढचं वकिलाकडे पाठवलं.

मोठी रक्कम आणि वय साठीच्या पुढे, अशांना आम्ही आधी टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल विचारतो. तिथे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत 5 वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं आणि मागे केंद्र सरकार आहे. या योजनेतून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर, म्हणजे मध्यस्थामार्फत घ्यायच्या योजना आमच्याकडून घेतल्या तर आम्हाला कमिशन मिळतं, तेही इथे सांगून ठेवतो.

पावत्या तपासून यादी करून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. येताना मूळ पावत्या आणा, आम्ही त्या समोरच बघून लगेच परत देतो. एटीएमचा पिन, ओटीपी, नेटबँकिंगचा पासवर्ड आम्हाला लागत नाही. आमच्या नावाने कोणी फोनवर मागितला तर फोन ठेवून द्या आणि आम्हाला कळवा.